चालणं होतं, पण ताकदीचं काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्यायाम आणि जीवनशैलीवरच्या नव्या संशोधनाच्या बातम्या वाचून आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांमध्ये चालण्याचा हिशोब चोख आहे. मांड्यांची, पाठीची, हातांची ताकद टिकवण्यासाठी काय करता, याबद्दल मात्र जवळपास कुणीच लिहिलेलं नाही. त्यामुळे उत्तरांमध्ये तो विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : रोज फिरायला जातो. मोबाइलवर साडेसहा हजारांच्या आसपास पावलं भरतात. दहा हजार झाली नाहीत तर उपयोग नाही, असं बरोबरचे म्हणतात. आता सात हजार पुरेत असंही वाचलं. नेमकं काय धरायचं? (वय ५८, ठाणे)

सात हजार धरा आणि दहा हजारांची चिंता सोडा. दहा हजार हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच तो होता. दिसायला गोल, लक्षात ठेवायला सोपा, म्हणून जगभर पसरला.

प्रत्यक्ष मोजणी बरीच नंतर झाली. अमेरिकेतल्या संशोधक आय-मिन ली यांच्या गटाने २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० अमेरिकन महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबत होता. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात ७,००० पावलांवर मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. तुम्ही वाचलेली बातमी हीच.

बातमीत एक गोष्ट गळते : ही तुलना २,००० पावलांशी आहे. म्हणजे सर्वांत मोठा लाभ जवळजवळ बसून असलेल्या माणसाला चार-पाच हजारांपर्यंत आल्यावर मिळतो. तुम्ही त्या लाभाचा बराच भाग आधीच मिळवला आहे. शिवाय हे निरीक्षणातून आलेले आकडे आहेत. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे कमी पावलं आणि मृत्यू यांच्या नात्यातला काही भाग आजाराचाही असतो. संशोधक सुरुवातीच्या वर्षांतले मृत्यू वगळून हा परिणाम कमी करतात, तरी तो पूर्ण जात नाही.

तुम्ही आता पावलं वाढवण्यापेक्षा वेग बघा. मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम गतीची सुरुवात. घड्याळ लावून ३० सेकंदांत ५० पावलं पडतात का ते मोजा. या वेगात बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. तुमच्या फेरीतली मधली दहा मिनिटं मिनिटाला ११०–१२० वर न्या. मोबाइलचा आकडा अंदाजापुरताच धरावा. तो टेबलावर किंवा चार्जिंगला राहिला तर पावलं बुडतात, आणि खडबडीत रस्त्यावर रिक्षात बसल्याबसल्या वाढतात. एका दिवसाचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी काढा.

आणि आठवड्यातले दोन दिवस ताकदीच्या व्यायामाला द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, तसाच किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायामही आहे. कसा करायचा, ते तिसऱ्या उत्तरात सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. कुणीही बारीकच म्हणेल. तरी एचबीए१सी ६.१ आली. काम संगणकावरचं, रात्रीचं जेवण साडेनऊला. वजन कमी करण्यासारखं नाही, मग करायचं काय? (वय ४१, पुणे)

एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी. तिच्यात ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२ च्या आसपास आहे, आणि इथेच भारतीय शरीराचा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा हा फरक दाखवत नाही. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त आणि ती पोटात, अशी ठेवण सर्रास आढळते.

म्हणून आधी कंबर मोजा. टेप पँटच्या पट्ट्यावर लावायचा नाही, तिथे दोन-चार सेंटिमीटर हमखास कमी येतात. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, कपड्याखाली त्वचेवर, नेहमीचा श्वास सोडल्यावर मोजा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटातली चरबी वाढली आहे असं समजा. रक्तात लोह कमी असेल तर एचबीए१सी थोडी जास्त दिसू शकते, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखरही एकदा बघून घ्या.

अशा अवस्थेत जीवनशैलीने किती फरक पडतो, याचं भारतीय उत्तर चेन्नईत मिळालेलं आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये साखरेचं नियमन बिघडलेले ५३१ जण होते. नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि आहारातले बदल यांचा पाठपुरावा ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिलं. त्यांचं वजन फारसं घटलेलंही नव्हतं. तुमच्यासाठी हीच महत्त्वाची गोष्ट : वजन न हलताही साखर सुधारू शकते.

तुमच्या दिनक्रमात सगळ्यात सोपी जागा रात्रीच्या जेवणानंतरची आहे. न्यूझीलंडच्या २०१६ च्या अभ्यासात मधुमेही लोकांना कधी ‘दिवसातून ३० मिनिटं केव्हाही चाला’ आणि कधी ‘प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला’ असं सांगितलं. जेवणानंतरच्या चालण्याने साखर सरासरी १२ टक्क्यांनी, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी कमी राहिली. कारण सरळ आहे. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणाची साखर चढत असतानाच हे घडलं तर चढच कमी होतो. म्हणून जेवण संपल्यावर १५ ते ३० मिनिटांच्या आत निघा आणि सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं चाला. धावायची गरज नाही. शतपावलीच आहे ही, फक्त शंभरावर थांबू नका. जेवण आठला आणता आलं तर उत्तमच. कामावर दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन मिनिटं उठून चालण्याचाही जेवणानंतरच्या साखरेवर चांगला परिणाम मोजला गेला आहे.

दुसरा भाग स्नायू वाढवण्याचा. साखर साठवण्याचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे मांड्या, नितंब आणि पाठ. बारीक माणसाकडे ते कोठारच लहान असतं, म्हणून तुमच्यासाठी ताकदीचा व्यायाम चालण्याइतकाच गरजेचा आहे. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. त्याआधी केली तर बदल पुरता दिसणार नाही.

प्रश्न : सकाळी पाचपासून केर, लादी, धुणं, स्वयंपाक चालू असतो. पाय टेकायला मिळत नाहीत. डॉक्टर मात्र विचारतात, व्यायाम करता का? घरकाम व्यायामात धरत नाहीत का? (वय ५५, कोल्हापूर)

धरतात. केर काढणं, लादी पुसणं ही कामं स्वस्थ बसण्याच्या साधारण सव्वातीन ते साडेतीन पट शक्ती खर्च करतात, आणि तीन पटींच्या वर मध्यम श्रम मोजले जातात. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक मात्र दोन पटींच्या आसपास. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात घेत नसत, ती अट २०२० मध्ये निघाली. म्हणजे जिन्याच्या दोन फेऱ्याही जमा होतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात भारतातल्या ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. त्या मोजणीत घरातलं आणि कामावरचं श्रम धरलेलं होतं, तरीही. उपकरणं आली आणि घरातली मेहनतीची कामं कमी झाली, हे त्यामागचं एक कारण असावं.

अडचण वेगळी आहे. घरकामात तेच स्नायू रोज तेवढाच भार उचलतात. शरीर त्याला सरावतं आणि ताकद वाढायची थांबते. पाळी गेल्यानंतर हाडं आणि स्नायू दोन्ही वेगाने झिजतात. त्यांना थांबवायला हळूहळू वाढणारा भार लागतो, आणि तो बादलीने मिळत नाही.

आधी स्वतःला तपासा. हात नसलेली, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बायकांमध्ये १२ पेक्षा कमी संख्या सरासरीहून खालची समजतात. तुम्ही त्याहून लहान आहात, तेव्हा १२ च्या खाली असाल तर लगेच सुरुवात करा.

सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस, वीस-वीस मिनिटं पुरतात. पहिला व्यायाम खुर्चीवरून उठबस. बसताना तीन अंक मोजत खाली या, धपकन बसू नका. ताकद वाढण्याचा मोठा वाटा त्या संथ खाली येण्यात आहे. ८ ते १२ वेळा, मध्ये दीड मिनिट विश्रांती, असे तीन फेर. दुसरा, ओट्यावर हात टेकून तिरके दंड. तिसरा, कापडी पिशवीत दोन लिटर पाण्याच्या बाटल्या ठेवून, एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेकडे ओढणं. चौथा, भिंतीला धरून टाचा उचलणं. प्रत्येक फेरातल्या शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा वेळा सहज होऊन आणखी तीन-चार करता येतील असं वाटलं की पिशवीत एक बाटली वाढवा किंवा उठबस करताना पिशवी छातीशी धरा. बहुतेकांचं इथेच चुकतं. सहा महिने तीच बाटली, तेवढ्याच वेळा. मग उपयोग होत नाही म्हणून सोडून देतात.

गुडघा दुखतो म्हणून उठबस टाळू नका. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर चालेल. त्याहून टिकलं किंवा गुडघा सुजला तर भार कमी करा.

यासोबत प्रथिनं लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला रोज ५० ग्रॅम. वयस्कर माणसांच्या पोषणावर काम करणारे तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. वाटीभर वरणातून (३० ग्रॅम कोरडी डाळ) साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. ५० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून १२, दोन अंड्यांतून १२–१३, १०० ग्रॅम पनीरमधून १८, मूठभर दाण्यांतून ७. भात आणि पातळ आमटीवर जेवण उरकलं तर हिशोब हमखास तुटतो. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, जे मिळतं ते दाण्याच्या कुटातून आणि दह्यातून. किडनीचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : भिंतीला टेकून बसल्यासारखं उभं राहिलं तर रक्तदाब सगळ्यात जास्त उतरतो, असं वाचलं. मी गोळी घेतो. हे खरं आहे का आणि कसं करायचं? (वय ६०, नागपूर)

खरं आहे, पण बातमीइतकं सरसकट नाही. २०२३ मध्ये २७० चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं. चालणं-सायकलसारख्या व्यायामाने वरचा दाब सरासरी साडेचार अंकांनी, तर स्नायू आवळून स्थिर धरण्याच्या व्यायामाने सव्वाआठ अंकांनी उतरला. स्थिर व्यायामाच्या चाचण्या मात्र इतरांपेक्षा खूप कमी होत्या. आणि चालण्याचे हृदयाला, साखरेला होणारे बाकीचे फायदे यात मोजलेलेच नाहीत. म्हणून हा व्यायाम चालण्याला जोडून करा.

पाठ भिंतीला, पावलं भिंतीपासून दोन फुटांवर, खांद्यांइतक्या अंतरावर. अनवाणी किंवा न घसरणारे बूट घालून उभे राहा, मोजे घालून फरशीवर नको. पाठ घसरवत खाली या. पहिल्या आठवड्यात थोडंच, खुर्चीच्या उंचीपर्यंतच्या अर्ध्या वाटेवरसुद्धा नको. दोन मिनिटं धरा, दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. कोन असा निवडा, की सुरुवात सोपी वाटेल आणि शेवटचा अर्धा मिनिट कठीण, पण पार पडेल. सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे श्वास कोंडणं. त्याने दाब त्याच क्षणी उसळतो. मोठ्याने आकडे मोजत राहिलात तर श्वास आपोआप चालू राहतो. दाब १८०/११० च्या वर जात असेल, छातीत दुखत असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोळी स्वतःहून कमी करायची नाही.

फरक कळायला मोजणी नीट हवी. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन या, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर दाब खोटाच जास्त येतो.

मिठाचंही बघा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. चीनमधल्या ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाव भाग पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. सैंधव हा पर्याय नाही, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं.

प्रश्न : आठवडाभर वेळ मिळत नाही. शनिवार-रविवारी सह्याद्रीत ट्रेक करतो. चालेल? (वय ३६, नाशिक)

चालेल. ब्रिटनमधल्या सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये दिसलं, की आठवड्याची बहुतेक हालचाल एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघातापासून जवळपास तितकंच संरक्षण मिळतं. दोन अडचणी आहेत. साखर ओढण्याची स्नायूंची वाढलेली क्षमता एक-दोन दिवसांत ओसरते. तुम्हाला मधुमेह असेल तर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. दुसरी, गड उतरतानाची. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असताना आवळलेला असतो, आणि तेव्हाच त्याला सर्वाधिक इजा होते. बुधवारी पंधरा मिनिटं जिना सावकाश उतरण्याचा सराव आणि संथ उठबस केली तर सोमवारची लंगडत चाल टळेल. अंगदुखी तीन दिवसांनंतरही वाढत असेल किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. रोज देवळापर्यंत चालत जाते, पण दोन महिन्यांत दोनदा तोल गेला. चालणं वाढवायचं का? (सातारा)

चालणं आहे तेवढंच ठेवा. चालण्याने तोल फारसा सुधारत नाही. ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा एकत्र व्यायाम करावा, ही शिफारस आहे. त्याआधी आईंच्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तोल जाण्यामागे वारंवार सापडतात. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा दाब मोजून घ्या. वरचा दाब २० अंकांनी पडला तर कारण तिथेच आहे. मोतीबिंदू आणि तळपायांची संवेदनाही तपासायला सांगा.

व्यायाम स्वयंपाकघराच्या ओट्याशी, तुम्ही शेजारी उभे असताना. पावलं जवळजवळ जोडून दहा सेकंद, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला बोटं लावून एका रेषेत, आणि हे सगळं जमलं की एका पायावर. पुढची पायरी तेव्हाच, जेव्हा आधीची हात न लावता दहा सेकंद टिकते. एखाद्या पायरीवर महिना गेला तरी हरकत नाही. त्यासोबत खुर्चीवरून उठबस, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन पाच वेळा. नऊवारी असेल तर ओचा घोट्याच्या वर खोचलेला असावा, आणि पायात मऊ सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. डोळे मिटून तोल सांभाळण्याचे व्यायाम मोबाइलवर दिसतात, ते घरी करवून घेऊ नका, त्यासाठी फिजिओथेरपिस्ट समोर असावा.